ग्रेडिंगसाठी कार्डे कुठे पाठवावीत, आणि कोणती पाठवूच नयेत

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: गेल्या काही वर्षांत पाकिटांतून निघालेली सुमारे चाळीस क्रीडा कार्डे, म्हणजे खेळाडूंची संग्राह्य छापील कार्डे, आपल्याकडे आहेत. त्यांत बहुतांश बास्केटबॉलची पॅनिनी प्रिझम रूकी कार्डे (खेळाडूच्या पहिल्या मोसमातली) आणि त्यांचे रंगीत पॅरलल (त्याच कार्डाच्या वेगळ्या रंगातल्या आवृत्त्या) आहेत, काही बेसबॉलची बोमन क्रोम आहेत आणि एक जाड पॅच-ऑटोग्राफ कार्ड, म्हणजे जर्सीचा तुकडा आणि स्वाक्षरी असलेले कार्ड, आहे. कार्डाची अवस्था तपासून त्याला १० पैकी दर्जा देणाऱ्या, म्हणजे ग्रेडिंग करणाऱ्या, पीएसए, बेकेट, एसजीसी आणि सीजीसी यांपैकी सर्वांत चांगली कंपनी कोणती, आणि सगळी कार्डे एकाच ठिकाणी पाठवावीत का, हा आपला प्रश्न आहे. मी गेली अनेक वर्षे स्वतःची आणि इतरांची कार्डे या चारही ठिकाणी पाठवत आलो आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगतो, की प्रश्नाचा क्रम उलटा आहे. कंपनी ही निवडीतली शेवटची पायरी आहे. त्याआधी कोणते कार्ड पाठवण्याजोगे आहे आणि ते विकायचे आहे की ठेवायचे आहे, हे ठरले पाहिजे. ते ठरले, की कंपनीचे नाव बहुतेक वेळा आपोआप समोर येते.

तरीही या कंपन्या एकमेकींपासून कशा वेगळ्या आहेत हे समजले नाही तर पुढचा हिशेब कळणार नाही, म्हणून आधी त्यांच्याकडे वळतो. ही पद्धत नाण्यांच्या बाजारातून आली. नाण्यांचे ग्रेडिंग करणारी पीसीजीएस १९८६ मध्ये सुरू झाली आणि तिच्याच कुटुंबातून १९९१ मध्ये कार्डांसाठी पीएसए निघाली. नाणे प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करायचे, त्यावर क्रमांक आणि दर्जा छापायचा आणि ग्राहकाने वस्तू हातात न घेताही केवळ त्या छापावर विश्वास ठेवून पैसे मोजायचे, ही कल्पना तिथलीच. सीजीसीचे घराणेही नाण्यांचेच आहे, कारण तिची भगिनी संस्था एनजीसी ही नाण्यांचे ग्रेडिंग करते. बेकेटची वाट वेगळी होती. ते नाव आधी किमतींच्या मासिकामुळे घरोघर पोहोचले होते आणि ग्रेडिंगचा विभाग १९९९ मध्ये सुरू झाला. एसजीसी त्याच्या एक वर्ष आधीची, १९९८ ची.

या कंपन्यांमधला सर्वांत महत्त्वाचा फरक त्यांच्या काटेकोरपणात नाही, मोजपट्टीच्या वरच्या टोकात आहे. पीएसएने २००८ मध्ये अर्धे गुण सुरू केले, पण ते ८.५ पर्यंतच. ९ च्या वर थेट १० येतो, मध्ये ९.५ नाही. म्हणजे एखाद्या कार्डाचा एक कोपरा किंचित पांढरा दिसत असेल, तर त्याला उतरण्यासाठी अर्धी पायरी नाही, ते पूर्ण एक पायरी खाली येते, आणि आधुनिक कार्डांच्या बाजारात ती पायरी म्हणजे कडाच असते. ज्या कार्डाचा पीएसए १० चांगल्या किमतीला जातो, त्याच कार्डाचा पीएसए ९ अनेकदा ग्रेडिंगविना असलेल्या, म्हणजे रॉ कार्डाच्या किमतीच्या आसपासच घुटमळतो. यात ग्राहकाचे चुकत नाही. आजची कार्डे पाकिटातून निघताच प्लॅस्टिकच्या मऊ बाहीत (स्लीव्हमध्ये) जातात, त्यामुळे ९ हा दर्जा दुर्मीळ राहिलेला नाही. दुर्मीळ असला तर १० असतो, आणि लोकप्रिय बेस, म्हणजे साध्या आवृत्तीच्या, कार्डांच्या बाबतीत तोही हजारोंच्या संख्येने उपलब्ध असतो.

बेकेटच्या मोजपट्टीवर वरच्या टोकाला एक नव्हे, तीन पायऱ्या आहेत. ९.५ म्हणजे जेम मिंट, १० म्हणजे प्रिस्टीन, आणि सेंटरिंग (चित्र चौकटीत किती मध्यभागी आहे), कोपरे, कडा व पृष्ठभाग यांचे वेगवेगळे गुण, म्हणजे चारही सबग्रेड, १० असतील तर काळे लेबल. सबग्रेड हे बेकेटचे खरे वैशिष्ट्य आहे. कार्ड कुठे कमी पडले हे तिथे लेबलावरच वाचता येते, तर पीएसएच्या ९ वरून आपण अंदाजच बांधत राहतो. मात्र अंतिम गुण हा चार सबग्रेडची सरासरी नसतो, सर्वांत कमी सबग्रेडकडे तो ओढला जातो. तीन ९.५ आणि एक ९ असेल तर कार्ड ९.५ मध्ये बसते, पण दोन ९.५ आणि दोन ९ असले तर ते ९ वर येते. म्हणूनच संग्राहक ‘ट्रू जेम’ हा शब्द वापरतात. त्याचा अर्थ चारही सबग्रेड किमान ९.५ असणे. लेबलावर दोन्ही कार्डांना ९.५ च लिहिलेले असले, तरी एक ९ असूनही तिथे कसेबसे पोहोचलेल्या कार्डापेक्षा ट्रू जेमला अधिक किंमत मिळते. काळ्या लेबलाची गोष्ट तर निराळीच आहे. ते इतके क्वचित मिळते, की त्याची आशा धरून कार्डे पाठवणे म्हणजे सोडतीचे तिकीट काढणे होय.

इथे नवा माणूस नेमका फसतो. ‘१०’ हा आकडा सगळीकडे सारखाच दिसतो, पण त्याचा अर्थ सारखा नाही. बेकेटचा १० पीएसएच्या १० पेक्षा स्पष्टपणे कठीण आहे. पीएसएचा १० साधारणपणे बेकेटच्या ९.५ च्या प्रदेशात येतो. एके काळी या दोघांच्या किमतीही जवळपास होत्या. पुढे आधुनिक बेस आणि पॅरलल कार्डांत पीएसए १० पुढे गेला आणि बेकेटचा ९.५ मागे पडला. कार्ड तेच, अवस्था तीच, आणि तरीही किंमत लेबलावरच्या आकड्याच्या गोलाईवर ठरली. मला हे विवेकाचे वाटत नाही, पण बाजार माझे मत विचारत नाही. सीजीसीनेही हे ओळखले. तिचा खेळांच्या कार्डांचा विभाग २०२१ मध्ये सीएसजी या नावाने सुरू झाला तेव्हा जेम मिंट म्हणजे ९.५ होता. पुढे मोजपट्टी बदलून जेम मिंटला १० हा आकडा दिला गेला, त्याच्या वर प्रिस्टीन १० ठेवला गेला, आणि २०२३ मध्ये सीएसजी हे नाव सीजीसी कार्ड्समध्ये विलीन झाले. त्यामुळे त्या कंपनीचे जुने स्लॅब, म्हणजे लेबल लावून बंद केलेल्या पेट्या, विकत घेताना लेबल कोणत्या काळातले आहे हे पाहून मगच आकड्याचा अर्थ लावावा.

एसजीसीबद्दल माझे मत बाजारापेक्षा थोडे अधिक अनुकूल आहे. काळ्या चौकटीतले कार्ड देखणे दिसते, जुन्या कार्डांच्या संग्राहकांत तिला मान आहे, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकले गेलेले १९५२ च्या टॉप्स संचातले मिकी मँटल यांचे कार्ड एसजीसी ९.५ याच लेबलाचे होते. म्हणजे मोठ्या रकमेला हे लेबल चालत नाही असे मुळीच नाही. पण ते कार्ड सत्तर वर्षांपूर्वीचे होते. आधुनिक प्रिझम किंवा क्रोम कार्डावर एसजीसी १० ला पीएसए १० इतकी किंमत सहसा मिळत नाही. २०२४ मध्ये पीएसएच्या मालक कंपनीनेच एसजीसी विकत घेतली, तेव्हा दोन्हींमधली स्पर्धा पूर्वीच्या अर्थाने राहिली नाही हेही लक्षात ठेवावे. सीजीसीचे बळ पोकेमॉनसारख्या खेळायच्या कार्डांत आहे, क्रीडा कार्डांत तिचा ग्राहकवर्ग लहान आहे. टॅग नावाची आणखी एक कंपनी यंत्राने छायाचित्रे घेऊन एक हजार गुणांच्या मोजपट्टीवर कार्ड तोलते आणि दोष कुठे आहे याचा अहवालही देते. तंत्र म्हणून मला ते फार आवडते, पण विकायच्या कार्डासाठी मी तिकडे अजून वळलेलो नाही.

आता हिशेब. हा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण बहुतेक लोक शुल्काचे दरपत्रक पाहून कंपनी निवडतात आणि तिथेच तोटा होतो. समजा, एका प्रिझम रूकीचे रॉ कार्ड ४० डॉलरला विकले जाते, पीएसए ९ ला ४५ डॉलर मिळतात आणि पीएसए १० ला १२०. ग्रेडिंगचे शुल्क, जाण्या-येण्याचा खर्च आणि विमा मिळून प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर पडतात, आणि विक्रीच्या वेळी दहा टक्के दलाली जाते. रॉ विकले तर हातात ३६ डॉलर येतात. १० मिळाला तर दलाली जाऊन १०८, ९ मिळाला तर ४०.५०, आणि दोन्हींतून खर्चाचे ३० वजा. हे आकडे मांडून पाहिले, की शंभरांपैकी किमान ३८ कार्डांना १० मिळाला तरच रॉ विकण्याची बरोबरी होते असे निघते. शंभरात ५० ना १० मिळाला तर प्रत्येक कार्डामागे सव्वाआठ डॉलर अधिक मिळतात. शंभरात ३० नाच मिळाला तर सव्वापाच डॉलर जातात. शिवाय या हिशेबात ८ आलेले कार्ड धरलेच नाही, आणि ते येतेच.

आता त्याच कार्डासाठी स्वस्त पर्याय घेऊ. दुसऱ्या कंपनीकडे एकूण खर्च २० डॉलर, पण तिच्या १० ला ८० डॉलर आणि ९ ला ३८ डॉलर मिळतात असे धरू. बरोबरीसाठी इथे शंभरांपैकी ५८ कार्डांना १० मिळावा लागतो. ज्या कार्डांवर महाग कंपनीत प्रत्येकी सव्वाआठ डॉलर मिळाले, त्याच कार्डांवर, त्याच अर्ध्या यशाच्या दराने, स्वस्त कंपनीत जवळजवळ तीन डॉलरचा तोटा होतो. दहा डॉलर वाचवल्यावर खर्च कमी झाल्याचे समाधान मिळते, पण खरी गोष्ट १० आणि ९ मधल्या अंतरात दडलेली असते आणि ते अंतर आकसले, की शुल्कातली बचत त्यापुढे टिकत नाही. माझे आकडे काल्पनिक आहेत. आपण प्रत्येक कार्डासाठी पूर्ण झालेल्या विक्रीचे खरे आकडे घ्यावेत. विकायला ठेवलेल्या किमती पाहू नयेत, कारण मागितलेली किंमत ही इच्छा असते, विक्री नव्हे. कार्ड रॉ विकले तर किती, प्रत्येक कंपनीचा ९ किती आणि १० किती, हे पाच-सहा आकडे कागदावर मांडले म्हणजे चाळीसपैकी निम्म्याहून अधिक कार्डे पाठवण्याजोगी नाहीत असे आपल्यालाच दिसेल. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक संग्रहांत असेच निघते आणि बहुतेकांना ते ऐकायला आवडत नाही.

यशाचा दर कुठून काढायचा, हा पुढचा प्रश्न. कंपन्या प्रत्येक कार्डाच्या किती प्रती कोणत्या दर्जात आल्या याची मोजदाद प्रसिद्ध करतात, तिला आपण पॉप रिपोर्ट म्हणतो. एकूण संख्येत १० किती, यावरून दर काढता येतो, पण तो भाबडेपणाने वापरू नये. तिथे पोहोचलेली कार्डे लोकांनी आधीच भिंगाखाली पाहून निवडलेली असतात. आपण न निवडता पाठवली तर आपला दर त्याहून खालीच राहील. उलट, ९ मिळालेले कार्ड स्लॅब फोडून पुन्हा पाठवणारे लोक असल्यामुळे एकच कार्ड यादीत दोन-तीनदा मोजले गेलेले असू शकते. नुकत्याच बाजारात आलेल्या कार्डाचा पॉप कमी दिसतो तो दुर्मीळपणामुळे नव्हे, तर टपालातली पाकिटे अजून उघडली न गेल्यामुळे. सहा महिन्यांनी तोच आकडा दहापट झालेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

म्हणून स्वतः निवड करायला शिकणे, याला पर्याय नाही. दहा पट मोठे करणारे भिंग, एक प्रखर पांढरा दिवा आणि चौकटीची रुंदी मोजण्याची पारदर्शक पट्टी एवढे पुरते. सेंटरिंग आधी पाहावे, कारण ते मोजता येते आणि त्यावर वाद नसतो. पीएसए १० साठी पुढच्या बाजूला ५५/४५ (समोरासमोरच्या किनारींच्या रुंदीचे प्रमाण) आणि मागे ७५/२५ ही मर्यादा आहे, ९ साठी पुढे ६०/४० आणि मागे ९०/१०. पुढच्या बाजूची मर्यादा पूर्वी १० साठी ६०/४० पर्यंत सैल होती, ती अलीकडे आवळली गेली आहे. त्यामुळे जुन्या स्लॅबशी तुलना करून ‘त्याला मिळाला तर याला का नाही’ असे म्हणण्यात अर्थ नाही. पट्टीवर ६०/४० दिसले तर ते कार्ड तिथेच बाजूला ठेवावे, बाकीचे कितीही निर्दोष असले तरी.

प्रिझम आणि क्रोम कार्डांचा खरा घातक दोष मात्र पृष्ठभागावर असतो, आणि तो समोरून पाहिल्यास दिसत नाही. कार्ड दिव्याखाली तिरके धरून हळूहळू फिरवावे. छपाईच्या यंत्राने ओढलेली बारीक सरळ रेघ, टाचणीच्या टोकाएवढा खळगा, रोलरचा ठसा या गोष्टी एका विशिष्ट कोनातच चमकून जातात. त्या कारखान्यातच पडलेल्या असतात. आपण कार्ड कितीही जपले तरी त्यांना उपाय नाही आणि ग्रेडरला त्याच्याशी देणेघेणे नसते. बोटांचे ठसे मात्र आपलेच असतात, आणि ते मऊ मायक्रोफायबर कापडाने हलकेच पुसले तर चालते. त्यापलीकडे जाऊन पॉलिश, द्रव किंवा कोपरा दाबून बसवण्याचे प्रयोग करू नयेत. ती छेडछाड धरली जाते आणि कार्ड ‘अल्टर्ड’ (फेरफार केलेले) या शेऱ्यासह परत येऊ शकते. गडद किनारीच्या कार्डांच्या कडांवर पांढरे ठिपके लगेच उठून दिसतात, पांढऱ्या किनारीवर तेच ठिपके लपतात. आपल्या संग्रहातले काळे आणि गडद निळे पॅरलल म्हणूनच अधिक कठोरपणे तपासावेत.

एक आठवण सांगतो. कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचे नाही. एका क्रोम रूकीला ९ मिळाला. मला ते पटले नाही, म्हणून स्लॅब फोडून तेच कार्ड पाच महिन्यांनी त्याच कंपनीकडे पाठवले आणि १० मिळाला. दुसऱ्या वेळी असेच दुसरे कार्ड फोडले, तर त्याला ८ मिळाला, आणि मग भिंगाखाली मला ती रेघ दिसली जी मी पहिल्यांदा पाहिलीच नव्हती. ग्रेडिंग माणसे करतात, ती प्रत्येक कार्डाला फार थोडा वेळ देतात आणि सीमेवरचे कार्ड कधी इकडे कधी तिकडे पडते. याचा अर्थ ग्रेडिंग निरर्थक आहे असा नाही. सीमेवरच्या कार्डांवर पैसे लावू नयेत, एवढाच मी त्यातून घेतला.

ग्रेडिंगच्या खात्रीविषयीही भ्रम नको. पीएसएने पहिला अनुक्रमांक दिलेले कार्ड म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांचे टी२०६ संचातले प्रसिद्ध कार्ड, जे १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांनी भागीदारीत ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले होते आणि ज्याला ८ हा दर्जा मिळाला होता. त्याच्या कडा कापलेल्या होत्या, हे लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले. २०१९ मध्ये तर संग्राहकांनीच जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवले, की कापलेली, सुधारलेली अनेक कार्डे उंच दर्जाच्या स्लॅबमध्ये बसली आहेत. बनावट स्लॅबही फिरत असतात. स्लॅब विकत घेताना त्यावरचा क्रमांक कंपनीच्या यादीत टाकून पाहावा, आणि छायाचित्र उपलब्ध असेल तर कार्डाचे सेंटरिंग व ठिपके त्याच्याशी जुळवून पाहावेत. नुसता क्रमांक खरा निघाल्याने भागत नाही, कारण बनावट लेबलावर खऱ्या कार्डाचाच क्रमांक छापलेला असतो.

आता आपल्या जाड पॅच-ऑटोग्राफ कार्डाकडे येतो, कारण ते बाकीच्या एकोणचाळीसपेक्षा वेगळ्या नियमांनी चालते. साधे कार्ड सुमारे ३५ पॉइंट जाडीचे असते, एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पॅचची कार्डे १३० पॉइंट किंवा त्याहूनही जाड असतात. जाड पुठ्ठ्याच्या कडा आणि कोपरे पाकिटातच खरवडलेले असतात, त्यामुळे अशा कार्डांना १० मिळणे कठीण, आणि ग्राहकालाही ते ठाऊक असते. लेब्रॉन जेम्स यांचे २००३-०४ च्या एक्स्क्विझिट संचातले, ९९ प्रतींचे रूकी पॅच-ऑटोग्राफ कार्ड २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेले, ते बेकेटच्या ९ या दर्जात. माइक ट्राउट यांचे २००९ च्या बोमन क्रोममधले सुपरफ्रॅक्टर, म्हणजे एकच प्रत असलेले पॅरलल, स्वाक्षरीसह २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरला विकले गेले, तेही बेकेट ९ च होते. जिथे प्रती मोजक्या आहेत तिथे प्रतीच्या दुर्मीळपणाला पैसा मिळतो, दर्जा दुय्यम ठरतो. म्हणूनच अशा कार्डांत बेकेटचे स्थान अजून पक्के आहे, कारण सबग्रेड आणि स्वाक्षरीचा वेगळा गुण एकाच लेबलावर दिसतात आणि जाड कार्डांच्या संग्राहकांना त्याची सवय आहे. पीएसएकडेही कार्ड आणि स्वाक्षरी यांना दोन स्वतंत्र गुण मिळतात, आणि कार्डाचे कोपरे फारच खराब असतील तर केवळ स्वाक्षरीला गुण देऊन कार्ड खरे असल्याचा शेरा घेता येतो. आपल्या कार्डाचे कोपरे पाहून त्या पर्यायाचा विचार जरूर करावा, कारण लेबलावर ‘७’ दिसण्यापेक्षा ‘अस्सल, स्वाक्षरी १०’ दिसणे विक्रीला सोपे जाते.

पॅचविषयी एक सावधगिरी. साधा एकरंगी तुकडा काढून त्याजागी तीन-चार रंगांचा देखणा तुकडा बसवण्याचे उद्योग बाजारात चालतात, आणि स्लॅबमध्ये असणे ही तुकडा मूळचा असल्याची पक्की हमी नाही. आपले कार्ड आपणच पाकिटातून काढले असेल तर प्रश्न नाही. पण पाठवण्याआधी अनुक्रमांक आणि पॅच स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे विकताना तीच आपल्या बाजूने बोलतील.

शुल्काच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. बहुतेक कंपन्यांचे दर कार्डाच्या घोषित किमतीनुसार बदलतात. स्वस्त गटात पाठवलेल्या कार्डाला अनपेक्षितपणे उंच दर्जा मिळून त्याची किंमत त्या गटाच्या मर्यादेबाहेर गेली, तर पीएसएसारखी कंपनी वरच्या गटाचा फरक वसूल करते. हा दंड नाही, पण हिशेबात धरलेला नसेल तर दंडासारखाच बोचतो. घोषित किंमत मुद्दाम कमी लिहू नये, कारण वाटेत कार्ड हरवले तर भरपाईही तेवढीच मिळते. दुसरे, क्रॉसओव्हर. एका कंपनीचा स्लॅब न फोडता दुसरीकडे पाठवून ‘किमान इतका दर्जा मिळाला तरच बदला’ अशी अट घालता येते. अट पूर्ण झाली नाही तर कार्ड जुन्याच स्लॅबमध्ये परत येते, पण शुल्क बहुतेक वेळा गेलेलेच असते. बेकेटचा कसाबसा ९.५ पीएसए १० होईल या आशेने लोक हे करतात. सबग्रेडमध्ये एखादा ९ असेल, विशेषतः पृष्ठभागाचा, तर मी कोणालाही तसे करू देत नाही.

लागणारा वेळ हाही खर्चच आहे. २०२१ च्या जानेवारीत १९८६ च्या फ्लीअर संचातले मायकेल जॉर्डन यांचे पीएसए १० दर्जाचे रूकी कार्ड ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले. त्याच वर्षीच्या मार्चअखेर कार्डांचा ढीग इतका साचला, की पीएसएने बहुतेक सेवांसाठी नवी कार्डे घेणेच थांबवले. ज्यांची कार्डे त्या ढिगात अडकली होती, त्यांना ती परत मिळेपर्यंत बाजार उतरला होता, आणि जॉर्डन यांचे ते कार्डही पुढच्या वर्षभरात निम्म्याच्या खाली आले. खेळाडू चमकत असताना कार्ड पाठवणारा माणूस ते तो विस्मरणात गेल्यावर परत मिळवतो, हे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून सध्याच्या मोसमात गाजणाऱ्या नवख्या खेळाडूचे मधल्या किमतीचे कार्ड असेल, तर ते आजच रॉ विकणे हाच अनेकदा शहाणपणाचा व्यवहार असतो.

आपल्या चाळीस कार्डांविषयी माझी सूचना अशी. प्रिझमच्या साध्या बेस रूकींपैकी एखाद-दुसऱ्या मोठ्या नावाचे कार्ड वगळता बाकीची पाठवू नयेत. रंगीत आणि मोजक्या प्रतींचे पॅरलल दिव्याखाली तपासून, ज्यांत पट्टी आणि भिंग दोन्हींना खोट सापडत नाही तेवढीच पीएसएकडे पाठवावीत. माझ्या अंदाजाने ती आठ-दहाच निघतील. बोमन क्रोमच्या स्वाक्षरीच्या कार्डांना तोच नियम लावावा, पण खेळाडू अजून खालच्या स्तरावर खेळत असेल तर थांबावे. पॅच-ऑटोग्राफ बेकेटकडे जाऊ द्यावे. जी कार्डे विकायचीच नाहीत, केवळ आवडीची म्हणून जपायची आहेत, ती एसजीसीकडे पाठवण्यात काहीच गैर नाही. ती काळी चौकट मला स्वतःला सर्वांत आवडते, आणि ठेवायच्या कार्डावर किमतीतल्या फरकाचा भार पडत नाही. पाठवताना प्रत्येक कार्ड मऊ बाहीत घालून मग अर्ध-कडक पाकिटात ठेवावे, टॉपलोडर नावाच्या कडक कव्हरमध्ये नाही, कारण त्यातून काढतानाच कोपरा दुखावतो. आणि बाहीत सरकवताना कार्डाचा कोपरा बाहीच्या तोंडाला घासणार नाही याची काळजी घ्यावी. मी पाहिलेल्या अनेक ९ दर्जांचा जन्म नेमका त्या क्षणी, मालकाच्याच हातून झालेला आहे.